पेढे पीजीपर्यंत राखून ठेवू नका

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की कोल्हापुरात चौकाचौकांत डिजिटल फलक चढायला लागतात. ७२० पैकी किती पडले तो आकडा ठळक, शेजारी पोराचा नाहीतर पोरीचा पासपोर्ट फोटो ताणून मोठा केलेला, वर क्लासचं नाव आणि खाली हात जोडलेले दोन-तीन स्थानिक नेते. खेड्यात हलगी लागते, गुलाल पडतो, 'आमच्या गावचे भावी डॉक्टर' म्हणून ग्रामपंचायतीसमोर फेटा बांधला जातो. हा आनंद खोटा नाही. देशभरातून वीस लाखांहून जास्त मुलं ही परीक्षा देतात आणि एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाखाच्या आसपास आहेत. त्यातून ज्याचा नंबर लागला त्याच्या आईनं पेढे वाटले तर कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

मात्र त्या पोरानं तोवर शवविच्छेदनाच्या हॉलची पायरीही चढलेली नसते. पुढं साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप, अशी साडेपाच वर्षं जातात. मग एक दिवस इंटर्नशिपच्या लॉगबुकवर शेवटच्या विभागाची सही पडते, ती पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र हातात येतं, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे कायम नोंदणी होते. तिथून पुढं कायद्यानं त्या पोराला रुग्ण तपासता येतो, औषध लिहून देता येतं, मृत्यूचा दाखला देता येतो. कॉलेजात पदवीदान होतं, झगा-टोपीतला फोटो स्टेटसला लागतो. पण घरात, गल्लीत, गावात काय होतं? बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येतं: "पीजी लागू दे, मग एकदमच करू."

माझा विरोध या वाक्याला आहे. प्रवेशाच्या दिवशी गुलाल आणि डॉक्टर झाल्याच्या दिवशी शांतता, ही आपण लावून घेतलेली सवय त्या मुलांचं नुकसान करते, घरच्यांचं करते, आणि सगळ्यात जास्त नुकसान आपलं, म्हणजे उद्या ज्यांना त्या डॉक्टरची गरज पडणार आहे त्यांचं करते.

आधी मुलांचं बघू. पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजीला हल्ली दोन लाखांहून अधिक डॉक्टर नोंदणी करतात आणि जागा त्याच्या निम्म्याहूनही कमी असतात. म्हणजे 'पीजी झाल्यावर करू' हा वायदा निम्म्याहून जास्त घरांत त्या वर्षी पुरा होणारच नसतो. मग दुसरा प्रयत्न, तिसरा प्रयत्न, अभ्यासिकेची वर्षाची फी. नंबर लागलाच तर एमडी-एमएसची तीन वर्षं आणि त्यातल्या कित्येकांना पुढं डीएम किंवा एमसीएच या अतिविशेष पदव्यांची आणखी तीन. अठराव्या वर्षी ज्याच्या नावानं हलगी वाजली, त्याला 'आता तू झालास हं डॉक्टर' असं घरात कुणी म्हणेपर्यंत तिशी येते. तोवर आज्जी गेलेली असते. वडिलांना ॲन्जिओप्लास्टी झालेली असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं २०२४ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. पाहणीत भाग घेतलेल्या पंचवीस हजारांहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी चारातल्या एकापेक्षा जास्त जणांनी आपल्याला मानसिक आजाराचा त्रास असल्याचं सांगितलं होतं. त्याला रॅगिंग, ड्यूटीचे तास, फी, झोप अशी अनेक कारणं आहेत, एका पेढ्याच्या पुड्यानं ती जाणार नाहीत. पण जिथं पोचलो तिथं क्षणभर थांबून 'पोचलो' म्हणायची मुभाच नसणं, हेही त्यातलं एक कारण आहे असं मी ठामपणे म्हणतो. ती मुभा देणं सरकारच्या नाही, आपल्या हातात आहे.

गेल्या उन्हाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका गावात मी अशा एका जेवणाला गेलो होतो. मुलगी माझ्या शाळेतली. वडील दूध संकलनाचा टेम्पो चालवतात. घरच्यांचं पीजीपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण मुलगी हटून बसली आणि तिनंच पाहुण्यांची यादी केली. अंगणात ताडपत्रीचा मांडव, चुलीवर मटण, तांबडा-पांढरा. हॉस्टेलवरच्या तिच्या मैत्रिणी आल्या होत्या, एक नंदुरबारची, एक बीडची. गावातल्या आशाताई होत्या, आम्ही दोन शिक्षक होतो आणि जिथं तिनं इंटर्नशिप केली त्या हॉस्पिटलातल्या एक सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशी एसटीनं आल्या होत्या. गावकऱ्यांना आधी कळेचना की ह्या दोघी कुणाच्या कोण.

पंगत बसल्यावर सिस्टर सांगायला लागल्या. पहिल्या महिन्यात हिला लहान बाळाची शीर सापडायची नाही, हात थरथरायचा, मग ही जिन्यात जाऊन रडून यायची. मावशी म्हणाल्या, "मीच चा द्यायचे हिला." आणि शेवटच्या दोन महिन्यांत, सिस्टर म्हणाल्या, रात्री बाळाची शीर कुणालाच मिळाली नाही की आम्ही हिलाच हाक मारायचो. मुलीचे वडील पांढऱ्या रश्श्याचं भांडं घेऊन वाढत होते, ते पळी हातात तशीच धरून उभे राहिले. साडेपाच वर्षं त्या माणसानं फी, मेसचं बिल आणि परीक्षेची तारीख एवढंच ऐकलेलं. आपली पोरगी नेमकं काय शिकली, हे त्याला पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या भाषेत सांगत होतं.

आणि तेवढ्यात मामांनी विचारलं, "मग आता पुढं काय? मेडिसिन का गायनॅक?" प्रश्न काळजीनंच विचारलेला होता. पण मुलीचा चेहरा उतरलेला सगळ्यांना दिसला. मामांच्या आई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "तिला आधी जेवू दे की रं. डॉक्टर झालीया न्हवं ती?"

आज्जींनी विचारलेलं मला आपल्या सगळ्या समाजाला विचारावंसं वाटतं. झालीय ना ती डॉक्टर? मग आपण 'नुसती एमबीबीएस' असं का म्हणतो? लग्नाच्या बैठकीत, औषधाच्या दुकानासमोर, अगदी डॉक्टरांच्याच घरात हे शब्द सहज येतात.

ज्या शहरात आपण हे बोलतो त्या शहराला निदान एवढी तरी आठवण असायला हवी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशींना पदवी मिळाली. नाव एम.डी. असलं तरी तिकडची ती वैद्यकाची पहिलीच पदवी. तो सोहळा बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या होत्या. जवळच्या माणसानं त्या दिवशी तिथं असायला पाहिजे, हे रमाबाईंना एकशेचाळीस वर्षांपूर्वी कळत होतं. आणि आनंदीबाईंची नेमणूक झाली ती कोल्हापूर संस्थानात, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून. तेच आजचं आपलं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. त्या इथं रुजू होऊ शकल्या नाहीत. क्षयानं खंगलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत. पुढं त्याच हॉस्पिटलात डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी काम केलं. त्यांच्या पाठीशी शाहू महाराज उभे राहिले होते. १९०१ सालच्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली, तेव्हापासून या गावाला एक गोष्ट अंगवळणी पडलेली आहे: पोरगं शिकतं ते एकट्या बापाच्या जिवावर नाही. ज्या गावानं एका कोवळ्या डॉक्टरला पहिल्या पदवीवर अख्खा विभाग सोपवायची तयारी दाखवली, त्या गावात आज पहिल्या पदवीला 'नुसती' म्हणावं, हे मला लागतं.

आता मुख्य मुद्दा. हा केवळ मायेचा आणि मानाचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं.

सरकारी निकषाप्रमाणे सपाटीवर तीस हजार आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांत राहणाऱ्या माणसाला रात्री-अपरात्री जो डॉक्टर पहिल्यांदा भेटतो तो एमबीबीएस असतो नाहीतर बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधर. हृदयरोगतज्ज्ञ तिथं नसतो आणि असायची गरजही नसते. मण्यार रात्री झोपेत चावते. फारसं दुखत नाही, खूण नीट दिसत नाही, माणूस पुन्हा झोपी जातो. पहाटे त्याच्या पापण्या उघडेनात, गिळता येईना. पोट दुखतंय म्हणून आणलेल्या त्या माणसाच्या पापण्यांकडं बघून ज्याला शंका येते, जो प्रतिसर्पविष सुरू करतो, श्वास मंदावला तर श्वास देणारा फुगा हातानं दाबत १०८ च्या रुग्णवाहिकेतून त्याला मोठ्या हॉस्पिटलपर्यंत जिवंत पोचवतो, तो आपल्या भाषेत 'नुसता एमबीबीएस'. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ-करवीरच्या निवारा छावण्यांतली माणसं, पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या, बाळंतपणाला आलेली बाई, शुगरच्या गोळ्या पुरात वाहून गेलेला म्हातारा, हे सगळं पहिल्या पदवीच्याच डॉक्टरचं काम. डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव आज जगात आहे, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावून तडफडणारी माणसं त्यांनी पाहिली ती तरुणपणी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि त्यांचं सगळं संशोधन तिथून सुरू झालं.

आपण मात्र त्या केंद्रातल्या नोकरीला थांब्याची जागा करून टाकली आहे. बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष कसंबसं काढायचं, ड्यूटीवर असतानाही कानात पीजीचे व्हिडिओ, आणि जो तिथं आनंदानं राहू म्हणेल त्याच्याकडं 'नंबर लागला नसेल' अशा नजरेनं बघायचं. मुलांनी पीजी करू नये असं मी मुळीच म्हणत नाही. भूलतज्ज्ञ लागतात, स्त्रीरोगतज्ज्ञ लागतात, जिल्ह्याला हवे तेवढे ते नाहीत. पण कुटुंबाचा डॉक्टर होणं, गावाचा डॉक्टर होणं हा जाणूनबुजून निवडायचा रस्ता असू शकतो, हे त्या मुलांना कुठून कळणार? ज्या टप्प्यावर आपण पेढासुद्धा वाटत नाही, त्या टप्प्यावर कुणी आयुष्य काढावं अशी अपेक्षा करायचा आपल्याला हक्क नाही. कुस्तीत नुसतं तालुक्याचं मैदान मारून आलेल्या पोराला तालमीत फेटा बांधतात, तेव्हा 'महाराष्ट्र केसरी झाल्यावर बघू' असं कुणी म्हणत नाही. फौजदार झालेल्याची उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, 'आयपीएस झाल्यावर काढू' म्हणून ती थांबत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे. सत्कार म्हटलं की आपल्याकडं डामडौल येतो. पाचशे पानांचं जेवण, त्यासाठी सोसायटीतून उचललेलं कर्ज, डॉल्बी, आणि फलकावर डॉक्टरपेक्षा नेत्याचा फोटो मोठा. त्याहून वाईट म्हणजे असला कार्यक्रम लग्नाच्या बाजाराची जाहिरात ठरतो. डॉक्टर मुलगा म्हणून स्थळाचे भाव वाढतात, आणि मुलगी डॉक्टर झाली तर तिला तोलामोलाचं स्थळ शोधायची घाई सुरू होते. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्याचा मला संताप आहे. पण वाईट रीतीनं आनंद करतात म्हणून आनंदच नको, हा त्याच्यावरचा इलाज नव्हे. इलाज आहे तो पाहुण्यांच्या यादीत.

त्या टेम्पोवाल्याच्या मुलीनं केली तशी यादी. डॉक्टर घडवण्यात ज्यांचा खरोखर हात असतो त्यांना आपण कधी बोलावतो? सलाईन लावायला शिकवणाऱ्या सिस्टर, रात्री चहा देणाऱ्या मावशी आणि स्ट्रेचर ओढणारे मामा, हॉस्टेलचा मेसवाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक कार्यक्रम सुरू केलाय. प्रत्येक विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षापासून खेड्यातल्या काही कुटुंबांची नोंद ठेवायची, बीपी-शुगर बघायची, लसीकरण झालं का ते विचारायचं. त्या तुकड्या आता बाहेर पडतील. ज्या घरांच्या ओसरीवर बसून पोरांनी पहिल्यांदा बीपीचा पट्टा गुंडाळायला शिकलं, त्या घरातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना पदवीदानाला पुढच्या रांगेत बसवायला कॉलेजांना काय हरकत आहे?

आणि देहदान केलेल्यांचे नातेवाईक. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभं राहून मुलं शपथ घेतात, त्या देहाला आपला पहिला गुरू म्हणतात. मग त्या गुरूची मुलंबाळं शेवटच्या दिवशी मांडवात का नसावीत? ज्यांना यायची इच्छा आहे त्यांनाच बोलवा, नावं जाहीर करायची नसतील तर करू नका. पण ज्या घरानं आईचा नाहीतर वडिलांचा देह अग्नी न देता कॉलेजात पोचवला, त्या घराला एवढं बघायला मिळालं पाहिजे की त्यातून काय उभं राहिलं. कॉलेजांनी प्रमुख पाहुण्यांची भाषणं अर्ध्यावर आणावीत आणि वाचलेल्या वेळात प्रत्येक पदवीधराच्या आईवडिलांना व्यासपीठावर बोलवावं. पालक मागच्या खुर्च्यांवर बसून मोबाइलचा झूम वाढवून फोटो काढत असतात, ते चित्र बदलणं अवघड नाही.

दुसरा आक्षेप असा की सत्कारानं पोट भरत नाही. आरोग्य केंद्रांतली पदं रिकामी, औषधं वेळेवर नाहीत, रुग्ण दगावला की डॉक्टरच्या अंगावर धावून जाणारे आहेतच. हल्ले रोखायला महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तरी ते थांबलेले नाहीत. हे सगळं मान्य. पेढे हा भरतीला पर्याय नाही, पगाराला नाही, सुरक्षारक्षकालाही नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की डॉक्टरच्या अंगावर धावून जाणाऱ्या जमावात असे अनेक असतात, ज्यांनी डॉक्टर घडताना कधी बघितलेलाच नसतो. तो त्यांना काचेच्या दारामागं, फीच्या पावतीवर भेटतो. ज्या गावानं आपली एक पोरगी जिन्यात रडून पुन्हा वॉर्डात गेली हे सिस्टरच्या तोंडून ऐकलंय, त्या गावाला पुढच्या वेळी हात उचलताना थोडं तरी जड जाईल, असा माझा भरवसा आहे.

म्हणून हा आनंद पोर ज्या गावचं आहे तिथंच संपू नये, ते ज्या गावात जाणार आहे तिथंही व्हावा. इंटर्नशिपच्या ५२ आठवड्यांतले १२ आठवडे समाजवैद्यकाचे असतात आणि नंतर सरकारी कॉलेजातल्यांना बॉण्डचं वर्ष असतं. तेविशी-चोविशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी बॅग घेऊन गगनबावड्याच्या पावसात एसटीतून उतरते, तेव्हा समोर काय असतं? क्वार्टरला कुलूप, किल्ली कुणाकडं ते माहीत नाही, आत पाणी नाही, बल्ब गेलेला. त्या दिवशी गावानं हलगी वाजवायची गरज नाही. सरपंचांनी किल्ली घेऊन उभं राहावं, टाकी भरून ठेवावी, शाळेत बोलवून पोरांना सांगावं की या आपल्या डॉक्टर. आशाताईंनी आपल्याबरोबर एकदा गावातून फिरवून आणावं, आणि पहिल्या महिन्याचा डबा कोणत्या घरातून जाणार हे डॉक्टर पोचायच्या आधी ठरलेलं असावं. एकटीच मुलगी असेल तर रात्रीच्या कॉलला गावातलं कोण सोबत जाणार, त्या दोन माणसांची नावं आणि नंबर तिच्या टेबलावर पहिल्याच दिवशी लिहून ठेवावेत. यातल्या एकाही गोष्टीला मुंबईहून मंजुरी लागत नाही, पुढच्या ग्रामसभेत ठराव केला तरी पुरे.